शरीर काय करू पाहतंय?

चिपळूण,
जुलै

चि. सायलीस,


तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. हार्ट फेल्युअरची लक्षणं पाठ केली की मधुमेहाची निसटतात, ती धरली की दमा निसटतो, आणि युनिट टेस्टला सगळ्यांची खिचडी होते, असं तू म्हणतेस. शेवटी तू विचारलं आहेस, ‘आत्या, सलाईन लावायला आलं, कॅथेटर घालता आला, औषध वेळेवर दिलं, तर पुरे नाही का? पेशीत काय होतं ते डॉक्टरांनी बघावं. नर्सला पॅथोफिजिऑलॉजी कशाला?’

आम्ही जीएनएम करत होतो तेव्हा हा विषय असा वेगळा कोणी शिकवतही नव्हतं. मेडिकल-सर्जिकलच्या तासाला ट्यूटर फळ्यावर तीन रकाने आखायच्या: कारणं, लक्षणं, उपचार. आम्ही ते वहीत उतरवायचो आणि घोकायचो. त्यात एक रकाना कमी होता, हे मला वॉर्डात उभं राहिल्यावर कळलं. रोग झाल्यावर शरीर स्वतः काय करतं, हा तो रकाना. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगमध्येच पॅथोफिजिऑलॉजी गुंफली आहे, म्हणजे तो रकाना तुम्हाला आयता मिळाला आहे. तू तो पाठ करायला बसलीस, म्हणून तो डोक्यात राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्यांना आपण लक्षणं म्हणतो, त्यातली बरीचशी रोगाने केलेली नसतात. ती शरीराने रोगाला दिलेली उत्तरं असतात. नाडी धावते, घाम फुटतो, धाप लागते, लघवी आटते. प्रत्येक ठिकाणी शरीर काहीतरी सावरू पाहत असतं. ते सावरणं डॉक्टरांच्या राउंडच्या वेळेला होतंच असं नाही. दुपारी तीनला होतं, पहाटे चारला होतं. त्या वेळी वॉर्डात नर्सच असते. म्हणून हा विषय नर्सचा.

कुठलाही आजार समोर आला की तीन प्रश्न विचार. काय बिघडलं? शरीर त्यावर काय करू पाहतंय? आणि त्या करण्याची किंमत काय पडतेय?

ताप घे. जंतू शिरले की पांढऱ्या पेशींकडून निघालेली रसायनं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं नेमलेलं तापमान ३७ अंशांवरून, समज, ३९ अंशांवर जातं. आता अंग आहे ३७ला आणि गाठायचंय ३९. म्हणून पेशंट कुडकुडतो. स्नायू थरथरून उष्णता करतात, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात. अशा वेळी तू ओल्या फडक्याने अंग पुसायला घेतलंस तर तो आणखी कुडकुडेल, म्हणून पांघरूण घाल. तासाभराने पॅरासिटामॉलने नेमलेला आकडा खाली आला, की तोच माणूस लालबुंद होऊन घामाघूम होतो. तेव्हा पांघरूण काढ, कपडे बदल, पाणी पाज. ताप तोच, पेशंट तोच, आणि तासाभराच्या अंतराने सेवा नेमकी उलटी. ‘ताप आला की स्पंजिंग’ एवढंच पाठ केलेल्या मुलीला हे कळत नाही.

आता तुला छळणारं हार्ट फेल्युअर. हृदयाचा स्नायू दुबळा झाला. कारण काहीही असेल: येऊन गेलेला झटका, वर्षानुवर्षांचं बीपी, लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या झडपा. दर ठोक्याला रक्त कमी पुढे जातं, त्यामुळे मूत्रपिंडाला कमी पोचतं. मूत्रपिंडाला हृदय दिसत नाही. रक्त कमी येतंय, एवढंच त्याला समजतं. आणि माणसाच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या रक्त कमी पडलं ते मुख्यतः दोन कारणांनी: जखमेतून वाहून गेलं म्हणून, नाहीतर प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून. शरीराची तयारी त्याच संकटांसाठी आहे. ते तीच तयारी इथेही वापरतं. मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं, मिठाबरोबर पाणी राहतं. अ‍ॅड्रिनॅलिनच्या जोरावर हृदय जास्त वेगाने धावतं. तहानेने व्याकूळ माणसाला हे सगळं वाचवतं. दुबळ्या हृदयाला मात्र यातून दुप्पट काम लागतं: ढकलायला रक्त जास्त आणि ज्या नळ्यांत ढकलायचं त्या आवळलेल्या.

आता तुझी पाठ न होणारी यादी बघ. साठवलेलं पाणी पायांत उतरलं की घोट्याला सूज, बोट दाबलं की खळगा. फुप्फुसात साठलं की धाप. आडवं झालं की पायांतलं पाणी रक्तात परततं आणि फुप्फुसावरचा भार वाढतो, म्हणून पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, उशी अजून एक द्या,’ आणि मध्यरात्री गुदमरून उठून बसतो. दिवसा उभं असताना मूत्रपिंडाला रक्त कमी, रात्री आडवं झाल्यावर जरा बरं, म्हणून लघवीला रात्रीच जास्त उठावं लागतं. यातलं काही वेगळं पाठ करायची गरज उरली का?

उपचारही इथूनच निघतात. एनालाप्रिलसारखी औषधं अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाहीत, मेटोप्रोलॉल अ‍ॅड्रिनॅलिनला अडवतं, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला. म्हणजे आपण रोगाशी कमी आणि शरीराच्या चुकलेल्या मदतीशी जास्त झगडत असतो. नर्सिंगही इथूनच निघतं. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा ती सांगतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अन्नाने वाढलेले नसतात. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड शक्यतो सकाळी, नाहीतर बिचारा रात्रभर संडास-बाथरूमच्या वाऱ्या करील आणि अंधारात पडेल. फ्युरोसेमाइडने पोटॅशियमही वाहून जातं, म्हणून पायात गोळे येतात का, नाडी चुकते का, ते बघायचं. आणि घरी जाताना ‘मीठ कमी खा’ एवढं सांगून भागत नाही. आपल्या कोकणात माणूस भाजीत मीठ कमी घालतो आणि ताटात सुकट, खारा बांगडा, पापड नि लोणचं घेतो. नाव घेऊन सांगावं लागतं.

मधुमेहात शरीराचं उत्तर याहून ठळक दिसतं. मी नवखी असताना एका रात्री शाळकरी मुलाला घेऊन लोक आले. ‘दमा उपटलाय’ म्हणून वाटेतच कोणी सांगितलेलं. श्वास जोरात चाललेला खरा. आमच्या इनचार्ज सिस्टर त्याच्याकडे थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मुलाच्या छातीत शिट्टी वाजत नव्हती, श्वास उथळ नव्हता, उलट तळापासून खोल होता, एका लयीत. दमेकऱ्याला श्वास सोडताना जे कष्ट पडतात ते नव्हते. शेजारी आई सांगत होती की आठवडाभर पोरगा तांब्यावर तांबे पाणी पितोय आणि पोट दुखतंय म्हणतोय. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि ते येईपर्यंत लघवीची साखर आणि कीटोन बघायची तयारी करून ठेवली.

त्या मुलाच्या शरीरात काय चाललं होतं? इन्शुलिन नाही, त्यामुळे साखर रक्तात भरपूर आणि स्नायूंच्या, चरबीच्या पेशी उपाशी. पेशी उपाशी म्हणून यकृत आणखी साखर तयार करतं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते, म्हणून लघवी फार, म्हणून तहान फार. इकडे उपाशी पेशींसाठी चरबी जाळली जाते, तिच्यातून कीटोन येतात, ते आम्ल असतात. रक्त आंबट होऊ लागलं की शरीराकडे ते आम्ल पटकन बाहेर टाकायची एकच वाट असते, कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून घालवायचा. म्हणून तो खोल, न थांबणारा श्वास. आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो. फुप्फुस निरोगी आहे, ते मूत्रपिंडाच्या वाटचं कामही करतंय. तू अशा पेशंटला ‘शांत हो, हळू श्वास घे’ म्हणायचं नसतं. त्याचा श्वास आपोआप उथळ होऊ लागला आणि तो गुंगीत चालला, तर ती सुधारणा समजू नकोस, तो दमलाय.

यात एक सापळा आहे, तो पोटॅशियमचा. आम्लामुळे आणि इन्शुलिन नसल्यामुळे पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं, तिथून लघवीवाटे जातं. रक्ताच्या रिपोर्टात आकडा नॉर्मल दिसतो, कधी जास्तही, पण शरीराचा साठा रिकामा झालेला असतो. इन्शुलिन सुरू केलं की उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत परत जातं, रक्तातलं झपाट्याने पडतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून इन्शुलिनच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट लागतो, तो फार खाली असेल तर डॉक्टर आधी पोटॅशियम देतात, आणि नंतर दर काही तासांनी रक्त पाठवायचं असतं. ‘परत परत कशाला सुई टोचता’ असं नातेवाईक विचारतात, तेव्हा तुला हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

साखर उतरते तेव्हाही हेच. ७०च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड सुरू होते. हे बरंचसं अ‍ॅड्रिनॅलिन करतं. साखर वर आणायला ते धावून आलेलं असतं, आणि त्याच्या धावपळीमुळे आपल्याला सुगावा लागतो. पंधरा-वीस वर्षं मधुमेह असलेल्या माणसात ही धावपळ मंदावते. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र बहुधा येतो. म्हणून असा म्हातारा पेशंट विनाकारण घामेजलेला किंवा तुसडेपणाने बोलताना दिसला, तर आधी ग्लुकोमीटर आण.

आता श्वासाच्या आजाराकडे ये. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या किंवा बिड्या ओढलेल्या माणसांना सीओपीडी होतो. वायुकोश फाटून मोठे, सैल झालेले असतात. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. असा पेशंट ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर मारल्यासारखा श्वास सोडताना दिसेल. त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं. ओठ आवळल्याने आतला दाब राहतो आणि नळ्या मिटायला वेळ लागतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट हाच व्यायाम इतरांना शिकवतात. तो गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसला असेल तर त्याला ‘आडवे व्हा, आराम करा’ म्हणू नकोस. त्याच्यापुढे टेबल आणि उशी ठेव.

आम्हाला शिकवलं होतं की सीओपीडीच्या पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला तर त्याची श्वास घेण्याची प्रेरणाच जाते. आता समजतं की तेवढंच कारण नाही, ते मुख्यही नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःहून आवळून ठेवतं, रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. भरमसाट ऑक्सिजन सोडला की त्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा निकामी भागात जातं, आणि कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड धरायला नाखूश असतं. म्हणून अशांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवायला सांगतात. मॉनिटरवर ९९ दिसलं की नातेवाईकांना हायसं वाटतं. तुला वाटू नये.

आता सगळ्यांत अवघड जागेकडे येते: शॉक. अंगात पाच लिटर रक्त असलेल्या धडधाकट माणसाचं लिटर-सव्वा लिटर रक्त गेलं तरी आडवं असताना त्याचा वरचा बीपी जवळजवळ नॉर्मल असू शकतो. कमाई आटलेल्या घरात पाहुण्यांपुढे पंचपक्वान्नं येत राहावीत आणि आत पाटल्या-बांगड्या विकल्या जाव्यात, तसं हे. शरीर कातडी, आतडी, मूत्रपिंड यांचं रक्त कापून मेंदू आणि हृदयाला पुरवतं. म्हणून बीपी पडण्याच्या आधी नाडी वाढते, हातपाय गार आणि ओलसर होतात, नखावरचा रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, लघवीच्या पिशवीत भर पडत नाही. पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, जीव घाबरा होतोय.’ बाळंतिणीच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. गरोदरपणात तिचं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, म्हणून रक्तस्राव झाला तरी ती बराच वेळ ठीक दिसते आणि मग एकदम ढासळते. बीपी पडल्यावर धावणं म्हणजे उशिरा धावणं.

हाच धडा पावसाळ्यात डेंग्यू शिकवतो. डेंग्यूत ताप असतो तोवर सगळे काळजीत, आणि ताप उतरला की घरचे पेढे वाटायच्या तयारीत. खरा धोका बहुतेकदा तिथेच सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातलं पाणी आणि प्रथिनं पाझरू लागतात. रक्त बाहेर सांडलेलं दिसत नाही, पण वाहिन्यांतलं प्रमाण घटतं. लाल पेशी आतच राहतात म्हणून हिमॅटोक्रिट वाढतं, समज ३८वरून ४६वर. आणि बीपीत काय होतं ते नीट समजून घे. समज, दुपारी ११०/७०, नाडी ९२. संध्याकाळी ताप नाही, बीपी १००/७६, नाडी ११०. रात्री ९८/८०, नाडी १२४, तळवे गार. वरचा आकडा बघणारी म्हणेल, ‘९८ आहे, चालेल.’ तू वजाबाकी कर: ४०, मग २४, मग १८. वरचा आकडा उतरतो कारण आत रक्त कमी आहे, खालचा चढतो कारण शरीर वाहिन्या आवळून घेतंय. दोन्ही एकमेकांजवळ आले, अंतर २० किंवा त्याखाली आलं, की पेशंट शॉकमध्ये चाललाय.

पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी ही डेंग्यूतली धोक्याची चिन्हं २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहेत. नातेवाईकांचं लक्ष मात्र प्लेटलेटवर. कोणी पपईच्या पानांचा रस आणतं, कोणी किवी. प्लेटलेटचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण शॉक येतो तो गळतीने. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेव. एक-दोन दिवसांनी गळती थांबते, बाहेर गेलेलं पाणी रक्तात परतू लागतं. लघवी सुटते, भूक लागते. त्या वेळी सलाईन जुन्याच वेगाने चालू राहिलं तर पाणी फुप्फुसात जातं. सलाईनचा वेग कमी करायची वेळ आली आहे का, हे डॉक्टरांना विचारणं तुझं काम आहे.

आपल्या भागातली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. महाड तर आपल्या हायवेवरच. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि मुलं दगावत. तेव्हा अनेक ठिकाणी स्टिरॉईड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं असं काहीबाही दिलं जाई. बावस्करांकडे मॉनिटर नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. ते पेशंटच्या खाटेशी बसून राहिले आणि टिपत गेले: आधी घाम, लाळ, उलटी, मग गार पडणारे हातपाय, चढलेला बीपी, धावणारी नाडी, मग फुप्फुसात पाणी आणि तोंडाशी गुलाबी फेस. विंचवाचं विष नसांच्या टोकांना उद्दीपित करून अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पूर आणतं. म्हणजे शरीराची संकटकाळची सगळी यंत्रणा विषच चालवायला लागतं. वाहिन्या इतक्या आवळतात की हृदयाला त्याविरुद्ध रक्त ढकलता येत नाही. हे कळल्यावर औषध सापडलं: आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन, बीपीसाठी आलेली एक स्वस्त गोळी. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, १९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभव. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी दिल्यावर पेशंटला झटकन उठवून बसवायचं नाही, वाहिन्या सैल पडल्याने चक्कर येऊन तो कोसळेल, ही त्यातली नर्सची बाजू. सायली, त्यांनी जे केलं त्यातलं पहिलं अर्धं काम, म्हणजे तासातासाने बघणं आणि लिहून ठेवणं, ते आपलं रोजचं काम आहे.

आता माझ्याच म्हणण्याला मर्यादा कुठे पडते ते सांगते. सगळीच शरीरं उत्तर देत नाहीत. ऐंशीच्या आजोबांना न्यूमोनिया झाला तरी ताप नसतो, खोकला नसतो. सून एवढंच सांगते, ‘कालपासून असंबद्ध बोलतात, जेवले नाहीत.’ जुन्या मधुमेह्याला हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत कळ नसते, नुसता थकवा आणि मळमळ असते. स्टिरॉईडवरच्या पेशंटचं पोट आतून फाटलं तरी ते मऊ लागू शकतं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप येण्याऐवजी अंग गार पडतं आणि बाळ दूध ओढेनासं होतं. अशांच्या बाबतीत लक्षणांची वाट बघू नकोस. कालचा माणूस आणि आजचा माणूस यांत फरक काय पडला, ते बघ, आणि घरच्यांचं ऐक. ‘हे नेहमीसारखे नाहीत’ हे आईचं किंवा बायकोचं वाक्य मी नेहमी केस पेपरवर लिहून ठेवत आले.

आता कामाचं. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट काढून बघ. ताप बदलतो, नाडी बदलते, श्वास मात्र सगळ्यांचा वीस. न्यूमोनियावाल्याचा वीस, हर्नियावाल्याचाही वीस. कोणी मोजलेला नसतो. खरं तर शरीराचं पहिलं उत्तर बऱ्याचदा श्वासातच उमटतं: ऑक्सिजन कमी पडो, आम्ल साठो, रक्त जावो की जंतू रक्तात पसरो. तू पूर्ण एक मिनिट मोज, पेशंटला न सांगता. नाडीवर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघ, म्हणजे तो श्वास मुद्दाम बदलत नाही. मोठ्या माणसाचा २५ वर गेला तर पुढच्या राउंडची वाट बघू नकोस.

आणि कळव ते आकड्यांत कळव. रात्री दोनला ‘सर, नऊ नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये’ म्हटलंस तर दमलेला रेसिडेंट ‘बघतो’ म्हणेल. ‘सर, डेंग्यूचा पेशंट, ताप उतरून सहा तास झाले, नाडी ९२ची १२४, बीपी ९८/८०, तीन तासांत लघवी चाळीस मिली, हात गार, तुम्ही आत्ता येऊन बघावं’ असं म्हटलंस तर तो चपला घालतानाच पुढचं विचारील. निदान तू करायचं नाहीस, त्यांच्या कामात हात घालायचा नाहीस. पण काय बदललं आणि किती वेळात बदललं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. ते ठामपणे सांगायला लाजू नकोस. वरिष्ठ वैतागले तरी चालेल. फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर नोटमध्ये लिहायचं.

राहिली तुझी परीक्षा. तुमच्या केअर प्लॅनमध्ये ‘रॅशनेल’ म्हणून एक रकाना असतो. सगळ्या मुली तो सीनियरच्या फाइलमधून उतरवतात, हे मला ठाऊक आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तीच वाक्यं त्याच चुकांसकट मी तपासली आहेत. आमच्या वहीत नसलेला रकाना तो हाच. तो तू स्वतः भर. एका आजारासाठी एक कोरा कागद घे. मध्ये लिही काय बिघडलं. तिथून बाण काढ शरीराच्या उत्तराकडे, तिथून लक्षणाकडे. मग प्रत्येक औषध आणि तुझी प्रत्येक कृती कुठल्या बाणावर बसते ते दाखव. जी कृती कुठेच बसत नाही, ती एक तर तुला समजलेली नाही, नाहीतर तिची गरज नाही. असे दहा-बारा कागद झाले की तुझ्या लक्षात येईल, आजार पुष्कळ असले तरी शरीराची उत्तरं मोजकीच आहेत. नाडी वाढवणं, वाहिन्या आवळणं, पाणी धरणं, श्वास वाढवणं, ताप चढवणं, साठ्यातलं जाळणं. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा भेटतात. मग पाठांतर निम्म्याहून कमी होईल.

सुरुवात डायबेटिक कीटोॲसिडोसिसपासून, म्हणजे त्या शाळकरी मुलाच्या आजारापासून कर, कारण त्यात बाण सगळ्यांत जास्त आहेत. कागदाचा फोटो काढून पाठव, मी तपासून लाल शाईने परत पाठवते. पोटॅशियमचा बाण दोन्ही दिशांनी आला पाहिजे, पेशीतून बाहेर आणि इन्शुलिननंतर पुन्हा आत. तेवढा चुकलीस तर पूर्ण कागद पुन्हा काढायला लावीन.

मेसचं जेवण आवडत नसलं तरी ड्यूटीला उपाशी जाऊ नकोस. दादा-वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
मंदा आत्या